कच्च्या फुटेजमधला आवाज

२ जुलै
पल्लवीचा पुण्याहून फोन. म्हणाली, पप्पा, आईचा तासभर स्वच्छ आवाज मिळाला तर फोन तिच्याच आवाजात बोलू शकतो. आईनं टाइप करायचं, फोननं बोलायचं. तिच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांचं असंच केलंय.
"स्वच्छ म्हंजे कसा?"
"मागं बँड नको, पंखा नको, दुसरं कुणी बोलायला नको."
शो.ला काही बोललो नाही. (शोभा. या वहीत लग्नापासून शो.च लिहीत आलोय.) ऑपरेशनला तीन महिने झाले. गाठीसोबत स्वरयंत्रच काढलं. आता गळ्यावर भोक, त्यावर पातळ रुमाल. सुरुवातीला पाटीवर लिहायची, पण पेन्सिलीच्या धुळीनं खोकला यायचा. मग पल्लवीनं पांढरा बोर्ड आणि मार्कर दिला. फोनमध्ये टाइप केलेलं बोलून दाखवणारी तयार आवाजाची बाई असते, तीही लावून पाहिली. ती भाजीवाल्याला म्हणाली, "कृपया मेथीची जुडी दाखवावी." भाजीवाला हसला. शो.नं बोर्डावर लिहिलं, ही बाई माह्या घरात नको.
तेव्हापासून बोर्डच.

३ जुलै
तिचा आवाज आहे कुठं? सकाळपासून हाच विचार. पल्लवीच्या फोनवर चार-दोन मेसेज, तेही कुकरच्या शिट्टीसकट. माझ्याकडं एकही नाही. एकाच घरात राहणाऱ्या बाईचा आवाज कोण कशाला साठवून ठेवतो.
पण सर्व्हरवर आहे. अठरा वर्षं मी लग्नांचं शूटिंग केलं आणि अठरा वर्षं शो. माझ्या डाव्या हाताला लाइट धरून उभी राहिली. कॅमेऱ्यात ती कुठंच नाही, पण बोलते सगळीकडं. मामा, मागं सरका. वैनी, पदर घ्या नीट. नवरदेव, हसा की जरा. तिच्यामुळं तर बायका हळदीच्या खोलीत मला येऊ द्यायच्या.
तयार पिक्चरमध्ये यातलं काही नाही. तिथं सगळीकडं गाणी. कच्चं फुटेज तेवढं मागच्या खोलीतल्या डब्यात आहे. जुना कॉम्प्युटर, त्यात दोन हार्ड डिस्क, तिथून वायर पुढं स्टुडिओत.
एक क्लिप उघडली. चक्र फिरतंय, फिरतंय. चहा झाला तरी फिरतंय. असं चाललं तर तिचा तासभर आवाज शोधायला मला वर्ष लागेल.

४ जुलै
मोजलं. सेकंदाला अकरा एमबी. खराब वायर बरोबर अकरालाच अडते, म्हणजे डिस्कचा नाही, वायरचा दोष, एवढं मला कळतं. वायर दाराच्या फटीतून नेलेली. दार आपटून आपटून एका जागी चपटी झाली होती. आपणच टाकलेली, बोलणार कुणाला.
नवी वायर, आणि वायरी जोडायची डबी, म्हणजे स्विच, तोही नवा. बाजारात जाऊन आलो. शो.नं बोर्ड दाखवला: काय शोधून राह्यले?
म्हणालो, जुनं काम आहे.
ती बघत राहिली. मला खोटं जमत नाही हे तिला माहीत आहे.

५ जुलै
एकशे आठ! वायर बदलली आणि गाडी सुटली. दुपारपर्यंत सहा लग्नं पालथी घातली. अंबडच्या एका लग्नात एकदम स्पष्ट:
"ओ मामा, उजेड अडवू नका, तुमचाच फोटो काळा यील."
मागं बँड. कामाचं नाही. तरी चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा लावलं तेव्हा मागं काहीतरी हललं. शो. दारात उभी. कधीची होती कोण जाणे. काही न लिहिता आत गेली आणि भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.
सगळं सांगून टाकलं तिला. पल्लवी, फोन, तासभर आवाज. ऐकून घेतलं. 

६ जुलै
शांत जागा कुठल्या, याचा विचार केला. मांडव नाही, वरात नाही. नवरीला साडी नेसवतात ती खोली, दार लावलेलं. आणि आपल्या समाजातल्या लग्नांत बुद्धवंदना चालते तेव्हा. बँड बंद, सगळे हात जोडून उभे. सगळेच म्हणतात, पण शो. माइकच्या सगळ्यात जवळ, त्यामुळं ती सगळ्यांत वर ऐकू येते. शांत, जरा घाईत. "सरणं गच्छामि"ला नेहमी बाकीच्यांच्या थोडी पुढं.
आज नऊ मिनिटं जमा. एका खोलीत नवरी रडते आणि शो. तिला म्हणते, "काजळ पसरंल गं, मंग मला बोलतील. थांब, दोन मिन्टं लाइट बंद करते, रडून घे." आणि खरंच लाइट बंद. काळा पडदा, नुसता आवाज. हे मी तेव्हा कापून फेकलं असणार. अंधाराचा काय उपयोग.

७ जुलै
स्पीड पुन्हा पडला. कधी चाळीस, कधी चार. धावडा गावच्या एका लग्नाचा फोल्डर उघडला की सगळंच थांबतं आणि डब्यातून टक् टक् येतं.
सेटिंगच्या मागं लागलो. पुढचं आधीच वाचून ठेवायची सोय असते, ती वाढवली. कमी केली. परत वाढवली. दर वेळी स्पीड टेस्ट. आकडा वर गेला की बरं वाटतं, खाली आला की पुन्हा टेस्ट. दिवस त्यातच गेला. आवाज एक मिनिटही जमा नाही.

८ जुलै
सलीमभाईंना बोलावलं. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर बघतात, माणूस जाणकार. डब्याला कान लावून बसले, मग स्क्रीनवर डिस्कचा अहवाल बघितला.
"स्पीड का क्या लेके बैठे, भाई. एक डिस्क जा रही है. दुसरीवर कॉपी आहे ना?"

पूर्वी होती कॉपी. एक डिस्क म्हणजे दुसरीची नक्कल. पण एका सीझनला एकाच आठवड्यात पाच लग्नं आली, एडिटिंग खूप रखडलं. तेव्हा मीच दोन्ही डिस्क जोडल्या. अर्धी फाईल हिच्यावर, अर्धी तिच्यावर, दोघी मिळून वाचतात म्हणून दुप्पट स्पीड. शो.नं विचारलं होतं, "अन् एक बिघडली म्हंजे?" मी म्हणालो होतो, न्हाई बिघडत.
सलीमभाईंना सांगितलं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.
"म्हंजे एक गई तो दोनों गई. स्पीड टेस्ट कितने बार किया?"
"दोन-तीनदा."
चाळीस तरी झाल्या असतील. लाज वाटली.
म्हणाले, आता टेस्ट बंद, शोधणं बंद. दर वेळी वाचताना तिचा जीव चाललाय. मोठी नवी डिस्क आणा, आणि ज्याच्याशिवाय बिलकुल चालत नाही ते पहिलं काढा. मग त्याच्यानंतरचं. कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही.

९ जुलै
यादी केली. बंद खोली किंवा वंदना असलेली अकरा लग्नं. नवी डिस्क आणली. कॉपी लावणार तेवढ्यात दारात मोटारसायकल.
धावड्याचा विष्णू. डोकं भादरलेलं. वडील, दत्तराव, सहा दिवसांपूर्वी गेले. मोठ्या बहिणीचं लग्न आपण शूट केलं होतं. तेच, टक् टक् वालं.
"भाऊ, बाबांचा बोलता व्हिडिओ कुठंच न्हाई. फोटो लई हायेत. ताईच्या पाठवणीला बोलले होते ते, मला बराबर याद हाय. पण तुमच्या कॅसेटीत तिथं गाणं लावलंय."
लावलंच होतं. पाठवणीला मी सगळ्यांना एकच गाणं लावतो.
"पंधरा तारखेला तेरावं हाय. आई जेवत न्हाई. तेवढा आवाज तरी ऐकवा म्हणती."
हे नवीन नाही. जिल्ह्यात कुणी गेलं की दहाव्या-तेराव्याच्या आत घरचे आमच्याकडं येतात. बॅनरला फोटो, स्क्रीनला व्हिडिओ. म्हणून तर कच्चं फुटेज कधी पुसलं नाही. आजवर कुणाला परत पाठवलं नाही.
त्याला म्हणालो, डिस्क बिघडलीय, उद्या सांगतो. तो पायरीवर जरा वेळ बसला, मग गेला.
त्यांचा फोल्डर मोठा, दोन दिवसांचं शूटिंग, आणि तिथंच डिस्क अडकते. तो वाचायला घेतला तर आमच्या अकराच्या वाट्याला काही उरेल याचा भरवसा नाही.
शो.नं आतून सगळं ऐकलं होतं. बोर्ड: आधी त्याहिचं काढा.
मी म्हणालो, नाही. आधी आपलं, उरलं तर त्यांचं.
पुसून पुन्हा तेच, मोठ्या अक्षरात.
मी चढ्या आवाजात काय काय बोललो. तुला कळत नाही, हे पुन्हा मिळणार नाही, पोरीनं आशा लावलीय. ओरडलोच. समोरच्या माणसाला उलट ओरडता येत नाही हे ओरडून झाल्यावर ध्यानात आलं.
तिनं लिहिलं: मी हाये समोर. तो माणूस न्हाई.
बोर्ड तसाच टेबलावर ठेवून गेली. मी पुसला नाही.

१० जुलै
धावडा लावला. सेकंदाला दोन एमबी, मध्येच शून्य. टेबल फॅन डब्यावर धरून ठेवला. लाइट दोनदा गेली, इन्व्हर्टरनं सांभाळलं. शो. खुर्ची घेऊन शेजारी बसली, शेंगा फोडत. टक् झालं की दोघंही हात थांबवायचो.
संध्याकाळपर्यंत जेवढं यायचं तेवढं आलं. पंगतीच्या काही क्लिपा गेल्या. पाठवणी आली.

११ जुलै
बघितलं. दोघांनी.
जीप उभी. नवरी रडतेय, आत्या धरून आहेत. दत्तराव बाजूला, जीपच्या चाकाकडं बघत. तोंडातून शब्द नाही. माझा कॅमेरा त्यांच्यावरून सरकायला लागला होता, म्हणजे मी पुढं निघालो होतो. तेवढ्यात शेजारून शो.:
"दादा, बोला काहीतरी. पोरगी चालली."
"काय बोलू बाई."
"काही पण बोला. तिच्या कानावर जाऊ द्या."
कॅमेरा परत त्यांच्यावर. ते पागोट्याचं टोक तोंडाला लावतात, काढतात. मग:
"आक्का, विहिरीवरची मोटार तूच चालू करायची. शाळंत जायच्या आधी. आता मला जावं लागंल सकाळी." थांबतात. "नीट राह्य."
बस, एवढंच. तिनं म्हटलं नसतं तर हेही नसतं.
शो.नं पुन्हा लावायची खूण केली. दुसऱ्यांदा बघताना तिचा हात गळ्यावरच्या रुमालावर होता आणि तिचं बोलणं आलं तेव्हा तिचे ओठ हलले. मला तिथं बसवेना. मी बाहेर जाऊन उभा राहिलो आणि रडलो. पन्नाशी उलटल्यावर भर रस्त्यात. समोरच्या दुकानदारानं विचारलं, काय झालं. म्हणालो, डिस्क गेली.

१२ जुलै
विष्णू आला. ऐकताना भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मग डोळे पुसून म्हणाला,
"भाऊ, मधी ती बाई बोलती, तेवढी काढून टाका. नुसते बाबा राहू द्या. लोकं असत्यात तेराव्याला."
त्याला माहीत नव्हतं. पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर ठेवून शो. तिथंच उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली, काढा.
काढली. दोन ठिकाणी आवाज बंद, मागं हलकी बासरी. पाच मिनिटांचं काम, बोटं आपोआप चालतात. तो गेल्यावर कळलं की ही सवय आजची नाही. अठरा वर्षं मी दर लग्नात हेच केलं. ती बोलली की बंद, गाणं चालू. चिडायचोसुद्धा, किती बोलते, एडिटिंगला त्रास होतो म्हणून. डिस्क आत्ता बिघडली. माझं काम त्याच्या आधीपासून चालू होतं.
तिला हे बोलून दाखवलं. तिनं लिहिलं: गिऱ्हाइकाला कोण माझी बडबड ऐकवतं? काम होतं ते.
थोड्या वेळानं खाली अजून एक ओळ: पण एखाद्यात ठेवायची होती.

१३ जुलै
आमची अकरा लावली. पहिली दोन आली.

१४ जुलै
तिसरं आलं. चौथं अर्धं. दुपारी टक् टक् थांबलं आणि एकदम शांत. यादीतून डिस्कच गायब. सलीमभाई फोनवर म्हणाले, बंद करा, लगेच. आता हात लावू नका.
जमा: एकतीस मिनिटं. सहा तारखेची नऊ धरून.
अंधाराची क्लिप त्यात आहे. वंदनेची एकही नाही.

१६ जुलै
दुपारी धावड्याहून फोन. विष्णूची आई, कुसुमबाई.
"भाऊ, काल तेरावं झालं. पिच्चर लावला होता. समद्यांनी ऐकलं ह्यांचं बोलणं."
म्हणालो, बरं झालं.
"पर त्याच्यात एक बाई व्हती ना? मी तितंच उभी व्हते जीपपाशी. ती म्हन्ली, बोला काहीतरी. तिनंच तर बोलतं केलं ह्यांना. आता नुसतंच बोलत्यात, कुनाशी बोलत्यात काय कळंना. ती बाई कुठं गेली?"
 फोन स्पीकरवर होता. शो. कणीक मळत होती, हात तसेच पिठाचे.
"माझी मिसेस आहे ती," म्हणालो.
"मंग द्या की तिच्यापाशी. मला तिला बोलायचंय."
काय सांगणार. सांगितलं. ऑपरेशन, गळा, सगळं.  मग म्हणाल्या, "ऐकू तर येतं ना तिला?"
फोन शो.पुढं धरला. कुसुमबाई बोलत राहिल्या. बाई, चोवीस वर्सं संसार केला, हा माणूस पोरीला कधी चार शब्द बोलला न्हाई. त्या दिशी बोलला. पोरगी अजून सांगती, बाबा मोटारीचं बोलले म्हणून. तू म्हन्लीस म्हणून बोलला. तू कोन व्हतीस मला कुटं म्हाईत, तुला सांगायचं राहून गेलं.
मी फोनमधली ती तयार बाई लावायला निघालो. शो.नं माझा हात बाजूला केला. नखानं फोनवर दोनदा टकटक केलं.
"ऐकून राह्यली ना? बरं बरं," कुसुमबाई म्हणाल्या. आणि पुढं बोलायला लागल्या, पावसाचं, सोयाबीनचं, नातवाचं. शो. अधूनमधून टकटक करत होती. दहा-पंधरा मिनिटं चाललं. फोनला सगळं पीठ.

१७ जुलै
शो.च्या आवाजासकट अख्खी पाठवणी विष्णूच्या फोनवर पाठवली. बासरी काढून टाकली. त्याचा उलट मेसेज: माफ करा, मला माहीत नव्हतं, काकूंना नमस्कार सांगा.
सांगितला.

१९ जुलै
पल्लवीला एकतीस मिनिटं पाठवली होती. आज व्हिडिओ कॉलवर म्हणाली, जमेल पप्पा, पण कच्चं जमेल. आई सर्दी झाल्यासारखी वाटेल. अजून थोडं मिळालं तर बरं. बनवायला घेऊ का?
शो.नं बोर्ड कॅमेऱ्यासमोर धरला: थांब.
पुण्यातल्या एका लॅबला विचारलं. अशा डिस्क उघडून बघतात ते. दोन जोडलेल्या आहेत म्हटल्यावर खात्री देत नाही म्हणाले. आणि आधी घरी पुन्हा चालू केली नसेल तरच पाठवा, म्हणाले.
सलीमभाईंचं मत वेगळं. थंड झाली की एखाद्या वेळी पुन्हा उठते, एकदाच, थोडा वेळ. "उठी तो उठी. नहीं तो फिर लैब भी कुछ नहीं कर सकती."
आठ लग्नं राहिली आहेत. अर्धवट राहिलेलं धरून.

२१ जुलै
दोन दिवस दोघं या एकाच गोष्टीवर. मी म्हणतो लॅब, ती म्हणते घरी. म्हणजे लिहिते. मी कारणं सांगतो, ती ऐकते, पुसते, पुन्हा लिहिते. शेवटी म्हणालो, माझं सोड, मी आधीच एकदा ठरवून चुकलोय. आवाज तुझा आहे. तूच ठरव.
तिनं बोर्ड पुसला. मग लिहिलं: लॅबवाल्याला माझा आवाज वळखू येनार का? त्याला काय मिळालं अन् काय न्हाई, कसं कळंल. तुमी बसा. पहिले वंदना काढा.
मला वाटलं होतं आधी बोलणं काढावं, वंदना पल्लवीच्या कामाची नाही. तसं म्हणालो. तिनं बोर्डावर नुसतं "वंदना" या शब्दाखाली रेघ मारली.

२२ जुलै
सकाळी साडेनऊ. घर झाडून झालं. पंखे, मिक्सर, सगळं बंद ठेवलंय, इन्व्हर्टर भरलेला. सलीमभाई नवी डिस्क जोडून देऊन पुढच्या खोलीत चहा घेत बसलेत, आत येत नाहीत.
मी बटणाकडं हात नेला तर शो.नं अडवला. खुर्ची पुढं ओढली, पदर खोचला, आणि स्वतः दाबलं.
फिरायला लागलीय. टक् नाही अजून. स्क्रीनवर यादी आलेली नाही. शो. डब्याला कान लावून बसली आहे आणि मला लिहिणं बंद करायची खूण करते आहे, पेनाचा आवाज होतो म्हणून.